तरंगंबाडीचा किनारा कोणाचा?

पर्यटन ही खाऊनपिऊन सुखी असलेल्या वर्गाची चैन आहे, आणि म्हणून समाजवादी कार्यकर्त्याने तिच्याकडे पाठ फिरवावी, असे मानणारे काही साथी आपल्यात आहेत. आम्हाला हे मत मान्य नाही. आपला देश डोळे उघडे ठेवून पाहणे हा राजकीय शिक्षणाचाच भाग आहे. फरक पडतो तो काय पाहायचे आणि कोणाच्या बाजूला उभे राहून पाहायचे, यामुळे. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी हे लहानसे मच्छीमारांचे गाव अलीकडे पाहण्याचा योग आला, तेव्हा हा विचार पुन्हा प्रकर्षाने मनात आला. प्रवासवर्णन लिहिण्याचा हेतू नाही. त्या गावात जो प्रश्न ठसठशीतपणे दिसतो, तोच उद्या हर्णै, मालवण आणि विजयदुर्ग येथे आपल्यापुढे उभा राहणार आहे, किंबहुना राहिलाच आहे. त्यासाठी हा लेखनप्रपंच.

कारैकालच्या उत्तरेस, कावेरीच्या मुखप्रदेशात हे गाव वसले आहे. युरोपीय कागदपत्रांत त्याचे नाव 'ट्रांकेबार' असे येते. १७९२ साली उभारलेली वेस ओलांडून आत गेले की सरळसोट रस्ता समुद्रापर्यंत जातो. दोन्ही अंगांना उंच खांबांच्या पडव्या असलेली जुनी घरे आणि प्रॉटेस्टंट चर्चे दिसतात. शेवटी वाळूच्या पटांगणाच्या कडेला डॅन्सबर्गचा किल्ला लागतो. सारे शांत, देखणे, थोडेसे झोपी गेल्यासारखे. पाहुणा येथवर येतो, छायाचित्रे घेतो आणि परततो. त्याच गावाच्या दुसऱ्या अंगाला मात्र होड्या लागलेल्या असतात, मासळीच्या पाट्या भरलेल्या असतात, बायका भावावरून हुज्जत घालत असतात आणि माणसे वाळूत बसून जाळी सांधत असतात. ते गाव झोपलेले नाही. पण मार्गदर्शकपुस्तिकेत त्याला क्वचितच जागा मिळते, आणि मिळाली तरी किल्ल्याच्या चित्राची रंगीत पार्श्वभूमी म्हणून!

विकत घेतलेले आणि विकून टाकलेले गाव

इतिहास थोडक्यात असा. १६१६ मध्ये कोपनहेगन येथे डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. १६२० च्या नोव्हेंबरात ओव्हे गेड्डे या डॅनिश दर्यासारंगाच्या मोहिमेला तंजावरच्या रघुनाथ नायकाने येथे किल्ला बांधण्याची व व्यापार करण्याची सनद दिली. त्या बदल्यात तंजावरला दरसाल ठरीव रक्कम द्यावयाची होती. पुढे १६७० च्या दशकात व्यंकोजी राजे भोसले यांनी तंजावर घेतल्यावर ती रक्कम मराठी राजांच्या खजिन्यात जमा होऊ लागली. मराठी वाचकाला ही माहिती ऐकून थोडा अभिमान वाटेल. तो वाटण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की नायक असोत वा भोसले, किनाऱ्याचा सौदा करताना किनाऱ्यावर राहणाऱ्यांना कोणीही विचारले नव्हते.

आणि किनारा काही ओसाड नव्हता. डॅनिश लोक येण्याच्या तीनशे वर्षे आधी, चौदाव्या शतकाच्या आरंभी, पांड्य राजवटीत येथे मासिलामणिनाथाचे देऊळ उभे राहिले होते. त्याचा पुढचा भाग पुढे समुद्राने गिळला. म्हणजे डेन्मार्कने हे गाव 'वसवले' असे जे सहजपणे म्हटले जाते, ते खरे नाही. उलट वस्तुस्थिती अशी की १६३९ नंतर जवळजवळ तीस वर्षे डेन्मार्कहून तेथे एकही जहाज आले नाही. मायदेशात कंपनी मोडकळीला आली आणि किल्ल्यावर मूठभर गोरे शिपाई उरले. अखेरीस एस्किल्ड अँडरसन नावाचा अधिकारी बंगालची व्यापारी जहाजे लुटून आणि स्थानिकांच्या आधाराने ते ठाणे कसेबसे टिकवून राहिला. गावाला डेन्मार्कची गरज नव्हती, डेन्मार्कला गावाची होती.

ती गरज कसली होती? मिरी आणि कापड यांची. कोरोमंडलच्या विणकरांचे सुती कापड कोपनहेगनला जाई आणि त्यातील काही आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावर पाठवले जाई. तेथे त्याच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली जात आणि वेस्ट इंडीजमधील डॅनिश बेटांवर उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबवली जात. कावेरीकाठचा विणकर, गिनीचा गुलाम आणि कोपनहेगनचा सावकार एकाच धाग्याने असे बांधले गेले होते. तरंगंबाडीतील देखण्या घरांच्या खांबांमागे हा हिशेब आहे. दगडाकडे पाहताना तो विसरता कामा नये.

व्यापार बुडीत निघाल्यावर डेन्मार्कने काय केले? १८४५ साली तरंगंबाडी आणि बंगालमधील श्रीरामपूर ही दोन्ही ठाणी साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला विकून टाकली. १८५० मध्ये आफ्रिकेतील किल्लेही इंग्रजांना विकले. १९१७ मध्ये वेस्ट इंडीजमधील बेटे अमेरिकेला विकली. तिन्ही ठिकाणी घरे, गोदामे, तोफा यांच्याबरोबर तेथील जिवंत माणसेही कागदावर एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे गेली. गोव्याच्या मुक्तीसाठी १९५५ मध्ये सत्याग्रहींनी छातीवर गोळ्या झेलल्या आणि अखेर १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले. तरंगंबाडीहून डॅनिश गेले ते रक्त न सांडता, पावती घेऊन. एक वसाहतवाद क्रूर होता आणि दुसरा सौम्य होता, असा निष्कर्ष यातून काढणे भाबडेपणाचे होईल. ज्याला धरून ठेवण्यात नफा राहिला नाही त्याने सोडले, एवढाच त्याचा अर्थ.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १७०६ साली बार्थोलोमेऊस झीगेनबाल्ग हा जर्मन पाद्री येथे उतरला. तो तमिळ शिकला, या छोट्या गावात छापखाना आला आणि १७१५ च्या सुमारास तमिळमधील 'नवा करार' येथे छापून झाला. एका गरीब विधवेच्या कर्जाच्या प्रकरणात तो तिच्या बाजूने पडला, तेव्हा डॅनिश कमांडंटने या पाद्र्यालाच चार महिने किल्ल्यात डांबले. किल्ला आणि चर्च एकाच रंगाच्या माणसांचे असले तरी दोघांचे हितसंबंध नेहमी एक नव्हते. त्याच मिशनमध्ये १७५० साली आलेल्या श्वार्ट्झ या पाद्र्याने पुढे तंजावरच्या सरफोजी राजांना शिकवले. १८०६ मध्ये सरफोजींनी आपल्या छापखान्यात इसापनीतीच्या गोष्टी मराठीत छापल्या. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये ज्या श्रीरामपुरात छापले गेले, तेही डॅनिश ठाणेच होते. मराठी मुद्रणाच्या आरंभाशी या विसरलेल्या वसाहतीचे असे दुहेरी नाते आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्याबरोबर हेही सांगितले पाहिजे की मिशनच्या चर्चमध्येही जातवार बसण्याची रीत शिरली आणि दीर्घकाळ राहिली. विद्या आली, समता आली नाही.

लाट ओसरल्यावर

हे सारे जुने झाले. आजचा प्रश्न २६ डिसेंबर २००४ पासून सुरू होतो. त्या सकाळी आलेल्या त्सुनामीने एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसे मारली. तरंगंबाडी तेव्हा त्याच जिल्ह्यात होती, आता ती मयिलादुथुरै जिल्ह्यात आहे. तेथील मच्छीमार वस्ती उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे गेली. मरणाऱ्यांत बायका आणि मुले यांचे प्रमाण फार मोठे होते. पुरुषांपैकी काही खोल समुद्रात होते, म्हणून वाचले. समुद्राने किनाऱ्यावरच्यांना नेले आणि आपल्या पोटात शिरलेल्यांना परत पाठवले.

त्यानंतर सरकारने घरे बांधून देण्याची योजना आणली, पण एका अटीवर. भरतीरेषेपासून दोनशे मीटरांच्या आत राहणाऱ्याला नवे घर मिळेल ते आत, दूरवर. आणि त्याने किनाऱ्यावरची आपली जुनी जागा सरकारच्या स्वाधीन केली पाहिजे. जो हलणार नाही, त्याला तेथे नव्या घरासाठी मदत नाही. वरवर पाहता ही अट सुरक्षिततेची वाटते. पण मच्छीमाराचे घर शहरातील नोकरदाराच्या घरासारखे नसते. त्याला समुद्र डोळ्यांपुढे लागतो. वाऱ्याचा आणि पाण्याचा रंग पाहून तो होडी ढकलायची की नाही ते ठरवतो. इंजीन आणि जाळी रात्री राखावी लागतात. मासळी वाळवायला वाळू लागते, आणि होडी टेकताच घरातील बाई पाटी घेऊन तेथे हजर असावी लागते, नाहीतर भाव दलाल ठरवतो. त्याला किनाऱ्यापासून दूर नेणे म्हणजे त्याचे घर बदलणे नव्हे, त्याचा धंदाच मोडणे होय.

आणि प्रश्न असा की रिकामी झालेली जागा कोणासाठी? त्याच काळात त्याच गावात इंग्रज अमदानीतील एका बंगल्याचे हॉटेल झाले, आणि समुद्र अगदी पायथ्याशी असणे हीच त्याची मोठी शोभा मानली गेली. मच्छीमाराच्या झोपडीला जे अंतर प्राणघातक, ते पाहुण्याच्या खोलीला रमणीय! कोणा एका हॉटेलमालकाला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्या बंगल्याची दुरुस्ती झाली नसती तर तो कोसळला असता, हे उघड आहे. आक्षेप आहे तो एकाच वाळूला दोन कायदे लावण्यावर. समुद्र धोक्याचा असेल तर तो सर्वांसाठी धोक्याचा मानला पाहिजे.

डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने येथे बराच पैसा आणि अभ्यास ओतला. तामिळनाडू सरकारच्या साहाय्याने जुन्या गव्हर्नरच्या बंगल्याची दुरुस्ती झाली. हे काम आस्थेने झाले आहे आणि त्यात स्थानिक गवंड्यांच्या हातालाही काम मिळाले. वसाहतकालीन म्हणून प्रत्येक भिंत पाडावी, असे आमचे मत नाही. स्वातंत्र्यानंतर इंग्रज राज्यकर्त्यांचे पुतळे चौकांतून हटवावेत यासाठी डॉ. लोहियांच्या समाजवादी पक्षाने आंदोलन केले, ते योग्यच होते. कारण चौकातला पुतळा पूजेसाठी उभा असतो. घर, वखार, किल्ला यांची गोष्ट वेगळी आहे. ते ज्या हातांनी उभे केले ते हात येथलेच होते. चुना मळला तो येथल्या मजुराने, विटा वाहिल्या त्या येथल्या बायकांनी. त्यांच्या वंशजांचा त्यावर हक्क आहे. म्हणून इमारती राखाव्यात, पण मालकाच्या वैभवाची आठवण म्हणून नव्हे, तर श्रमाचा आणि लुटीचा पुरावा म्हणून राखाव्यात. पाटीवर गव्हर्नराचे नाव असावे, पण कापड कोठे गेले आणि त्याच्या बदल्यात काय विकत घेतले गेले, हेही तेथेच तमिळमध्ये लिहिलेले असावे.

मच्छीमारांचे गाव म्हणजे काही निर्दोष स्वर्ग नव्हे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. कोरोमंडल किनाऱ्यावरील जातपंचायती फार बळकट आहेत. त्सुनामीनंतर मदतीची वाटणी शिस्तीत होण्याला त्यांचा उपयोग झाला. पण त्यांत बायकांना आवाज नसतो. शेजारच्या दलित शेतमजुरांची होडी नव्हती, जाळे नव्हते, म्हणून नुकसानीच्या यादीत त्यांचे नाव मागे पडले, आणि छावण्यांतही त्यांना वेगळे वागवल्याच्या तक्रारी तेव्हा नोंदल्या गेल्या. समुद्रातही वर्ग आहेत. मोठ्या घेरजाळ्यांवर तामिळनाडूत २००० साली बंदी आली, पण ती जाळी वापरणारे आणि न वापरणारे यांच्यात गावागावांतून संघर्ष चालू राहिला. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने बारा सागरी मैलांपलीकडे, आठवड्यातून दोन दिवस, अटींसह त्यांना मुभा दिली. 'मच्छीमार' हा एकसंध शब्द वापरून हा भेद झाकणे राजकीयदृष्ट्या सोयीचे असते, पण समाजवादी कार्यकर्त्याला शोभणारे नाही. किनाऱ्यावरील हक्क मागताना तो लहान होडीवाल्याचा, पाटीवालीचा आणि ज्याची होडीच नाही त्याचा मागितला पाहिजे.

कोकणापुढील प्रश्न

आता आपल्याकडे वळू. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार किल्ले समुद्रातील वा समुद्रकाठचे आहेत. थळ, हर्णै, विजयदुर्ग, मालवण ही त्यांच्या समोरची वा शेजारची गावे आहेत, आणि ती मच्छीमारांची आहेत. हे किल्ले परक्यांचे नाहीत, आपले आहेत, आणि या सन्मानाचा आनंद आम्हालाही आहे. पण दगड स्वकीयाचा असला म्हणून किनाऱ्यावरील गरिबाला न्याय आपोआप मिळतो, असे समजण्याचे कारण नाही. वारसा जाहीर झाला की आराखडा येतो, आराखड्यामागून रस्ता आणि वाहनतळ येतो, त्यामागून हॉटेल येते, आणि शेवटी 'किनारा स्वच्छ करा' अशी मागणी येते. स्वच्छतेच्या या कल्पनेत वाळत घातलेले बोंबील आणि सांधायला पसरलेली जाळी ही घाण ठरतात.

कायद्याचा ओघही त्याच दिशेने आहे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरांत नवे बांधकाम रोखले होते. जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या अधिसूचनेने, २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागात ते अंतर पन्नास मीटरांवर आणले आणि पुळणींवर पर्यटनासाठी तात्पुरत्या सोयी उभारण्याला वाट करून दिली. दाट वस्तीच्या गावांत घरांना जागा मिळेल, असे त्याचे समर्थन केले जाते, आणि ती गरज खरीही आहे. पण सुटलेली जागा घर बांधणाऱ्या कोळ्याला मिळते की जमीन विकत घेणाऱ्या पाहुण्याला, हे पैशावर ठरते. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो या शर्यतीत उतरूच शकत नाही; आणि आपल्या अनेक कोळीवाड्यांत राहत्या घरांची जमीन, वाळवणाची खळी, होड्या ओढण्याच्या जागा यांची नोंद आजही रहिवाशांच्या नावे नाही.

रापणीचे उदाहरण घ्या. मालवणच्या किनाऱ्यावर पंचवीस-पन्नास माणसे मिळून किनाऱ्यावरून जाळे ओढतात आणि मासळीचे वाटे करतात. सहकाराचा हा प्रकार कोणत्याही सहकारी कायद्याहून जुना आहे. त्याला भांडवल थोडे लागते, पण मोकळी वाळू आणि मोकळे पाणी लागते. पुळणीवर छत्र्या, खुर्च्या आणि पाण्यात जलक्रीडेच्या वेगवान बोटी आल्या की रापण बंद पडते, आणि तिच्यावर बंदी घालणारा कोणताही हुकूम काढावा लागत नाही. मात्र त्याच मालवणात दुसरेही दिसते. सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या स्थानिकांच्या आहेत, आणि अनेक मच्छीमार कुटुंबांनी स्वतःच्या घरात पाहुण्यांसाठी न्याहारी-निवासाची सोय केली आहे. म्हणजे पर्यटन आणि मासेमारी यांचे हाडवैर नाही. पर्यटनाची सूत्रे कोणाच्या हाती राहतात, हा खरा मुद्दा आहे.

म्हणून आमच्या मते किनाऱ्यावरील कार्यकर्त्यांनी पुढील मागण्या ठामपणे मांडाव्यात. पहिली, कोणत्याही वारसा वा पर्यटन आराखड्याआधी कोळीवाड्यांचे सीमांकन व्हावे, आणि होड्या लावण्याच्या, जाळी पसरण्याच्या व मासळी वाळवण्याच्या जागा गावाची सामाईक जमीन म्हणून महसुली दप्तरात आणि किनारा व्यवस्थापनाच्या नकाशात नोंदल्या जाव्यात. दुसरी, सुरक्षिततेचा नियम झोपडीला आणि हॉटेलला एकच असावा. तिसरी, प्रवेशशुल्क आणि वाहनतळ यांच्या उत्पन्नाचा ठरीव वाटा ग्रामपंचायतीला व लहान मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला मिळावा आणि किल्ल्यापर्यंतची होडीवाहतूक त्यांच्याच हाती राहावी. चौथी, त्या उत्पन्नातून सर्वांत आधी मासळी विकणाऱ्या बायकांसाठी छप्पर, पाणी, शौचालय आणि बर्फाची सोय व्हावी. किल्ल्यावरील पाहुण्याला सावली मिळते आणि लिलावात बसलेली बाई उन्हात राहते, हा क्रम उलटला पाहिजे.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही, असे कोणी म्हणेल. असेल तसे. पण जमिनीच्या एका तुकड्यावर आपले नाव लागावे, ही मागणी दिसते तेवढी साधी नसते. तरंगंबाडीचा किनारा १६२० मध्ये सनदेने दिला गेला, १८४५ मध्ये पावतीने विकला गेला, २००५ मध्ये सुरक्षिततेच्या नावाने रिकामा करून मागितला गेला. तिन्ही वेळा कागद दुसऱ्या कोणीतरी तयार केला होता आणि तो मच्छीमाराच्या भाषेत नव्हता. आपल्याकडील किनारा व्यवस्थापनाचे नकाशे सरकारी कचेऱ्यांत आहेत. साथींनी ते मिळवावेत, ग्रामसभेपुढे भिंतीवर लावावेत, त्यांवरचे रंग आणि रेषा मराठीत समजावून सांगाव्यात, आणि आपली खळी त्यात कोठे आहे हे गावातील बायकांनाच बोट ठेवून दाखवू द्यावे. जी खळी नकाशात सापडणार नाही, तिची हरकत त्याच सभेत लिहून घ्यावी आणि सह्यांनिशी कचेरीत दाखल करावी.